मारुती 800, पुढची बाजू: परड्यात काँक्रीट झालं, गाडी स्टँडवर चढली

लोअर आर्मचे (पुढच्या चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) बूट, म्हणजे रबरी टोप्या, बरेच दिवस आणून ठेवले होते. काम अडलं होतं ते जागेपाशी. आता जागा तयार झाली आणि गाडीची पुढची बाजू वर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जॅक कुठला घ्यावा यावर आपण सगळेच बोलतो. त्याच्या खालची जमीन कशी आहे ते मात्र फार कुणी विचारत नाही, आणि आपल्या बेळगाव भागात खरी गोची तिथंच आहे.

घरापुढं शहाबादी असेल तर वाटतं, दगड आहे, काय होतंय! पण खालची भर बसली नसेल तर फरशीखाली पोकळी राहते. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलात तर आवाज कुठं बदलतो ते लगेच कळतं. स्टँड म्हणजे जॅकनं उचललेली गाडी ज्यावर टेकवतात ते लोखंडी घोडे. त्याचे चार पाय म्हणजे चार लहान ठिकाणी सगळं वजन, पोकळ फरशी तिथं फुटते. पेव्हर ब्लॉक वाळूवर सुटे बसवलेले असतात. एक जरी दबला तरी स्टँड कलतो. मातीचं तर बोलायलाच नको. खानापूरकडची तांबडी माती पावसात पाय घेते, निपाणीकडची काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते.

म्हणून परड्यात गाडीपुरता पट्टा काढून सोलिंगवर (दगडांच्या थरावर) 4 इंची काँक्रीट घातलं, सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 अशा मिश्रणाचं. वर पोती अंथरून पाणी मारत राहिलो आणि 28 दिवस होईपर्यंत गाडी लांबच ठेवली. उतार मुद्दाम दिला नाही. पावसाचं पाणी खराट्यानं काढावं लागतं, पण स्टँड सरळ उभा राहतो, मला तेवढंच हवं होतं.

सपाट जमिनीचा दुसरा फायदा जॅक मारताना डोळ्यांनी दिसला. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. त्यामुळं गाडी उचलली जाताना जॅकला स्वतः थोडं पुढं सरकावं लागतं. खाली वाकून बघत होतो: प्रत्येक दांड्यासरशी लोखंडी चाकं केसभर पुढं, गाडी जागच्या जागी. हीच चाकं फरशीच्या सांध्यात अडकली तर जॅक सरकत नाही. मग जॅकची वरची वाटी, जिच्यावर गाडी टेकते, ती तरी निसटते किंवा गाडीच ओढली जाते.

स्टँड घेताना उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्राला सोबत नेलं. दुकानात दातेरी दांड्याचे होते आणि पिनचेही. त्यानं दातेरी दांडा वर-खाली करून खटका प्रत्येक दातात किती आत बसतोय ते बोटानं चाचपलं. "हा बसतोय, हा अर्धाच. तू पिनचाच घे की रे," म्हणाला. मलाही ते पटलं. 2020 साली अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीला असेच दातेरी स्टँड लाखोंनी परत मागवावे लागले होते, दातात खटका नीट न बसल्यामुळं. पिन आरपार गेली की नाही हे बाहेरून दिसतं. उंची बारीक जुळवता येत नाही हे खरं, पण ते चालवून घेता येतं. खोक्यावरचा टनाचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, तेवढं वाचून घ्या. 800 हलकीच, साधारण 650 किलोची. पण निम्म्याहून जास्त वजन पुढंच असतं.

आणि एक कळकळीनं सांगतो. आपल्याकडं जांभ्याचे चिरे घरोघरी पडलेले असतात. चिरा काय किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक काय, गाडीखाली लावू नका. भिंतीत तो पिढ्यानपिढ्या टिकतो कारण तिथं वजन सगळीकडं सारखं येतं. एका कडेवर भार आला की तो न वाकता, न कुरकुरता एकदम फुटतो. खाली माणूस असेल तर बाहेर यायला वेळच मिळत नाही. स्टँड नसतील तर ते काम त्या दिवशी करू नये. नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. हायड्रॉलिक सील कधी सोडेल याचा नेम नसतो, आणि डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता.

गाडी चढवताना चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर, हँडब्रेक ओढलेला. या गाडीत इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, त्यामुळं ती हवेत गेली की गियर टाकून काही उपयोग नाही, म्हणून पाचरीवर कंजूषी नको. जुन्या 800 चे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या कडा) आतून गंजतात. त्यांच्यावरच्या जॅकच्या खाचेजवळ स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, पत्रा घट्ट लागला, मगच तिथं स्टँड. वाटीवर गोठ्यात घालतात त्या जाड रबर मॅटचा चिरलेला तुकडा ठेवला, सिलची कड त्यात बरोबर बसली. शेजारचे अण्णा पलीकडून "निधान, निधान" (कानडीत हळू, हळू) म्हणत बघत होते आणि मी जॅकचा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडला. वजन स्टँडवर आल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहिली, काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवली, जॅकही नुसता टेकवून तिथंच ठेवला. त्यानंतर खाली गेलो.

दोन्ही आर्म निघालेत. डावीकडचा बुश पार फाटला होता, उजवीकडचा गंजून आर्मला धरलाय. ठोकत बसणार नाही, उद्यमबागेत प्रेसवर काढून आणतो. बूट त्यानंतर. मागची बाजू उचलताना हँडब्रेक कामाचा नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. तेव्हा पाचर पुढच्या चाकांना आणि गाडी पहिल्या गियरमध्ये. मागच्या एक्सलखाली स्टँड लावताना ब्रेकची नळी कुणी कशी सांभाळली असेल तर फोटोसकट सांगा.