लागू नाही

मंगळवार, रात्र

आज सोरायसिस या माझ्या त्वचेच्या आजाराच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांनी एक छापील प्रश्नावली भरायला दिली. त्वचेच्या आजाराचा आयुष्यावर किती परिणाम होतो हे मोजणाऱ्या, 'डर्मटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स' या नावाने १९९४ पासून वापरात असलेल्या या कागदावर १० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि सारे प्रश्न केवळ गेल्या आठवड्याबद्दलचे. खाज किती सुटली, लाज किती वाटली, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, खेळताना अडचण आली का. मी पाच मिनिटांत कागद भरून टाकला. बेरीज आली ५, म्हणजे आयुष्यावर थोडासाच परिणाम. तो आकडा पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण खुर्चीत बसल्या बसल्या माझी नजर माझ्याच हातांवर गेली. एवढ्या उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या आणि त्यांची बटणे लावलेली होती.

कपड्यांच्या प्रश्नापुढे मी 'अजिबात नाही' अशी खूण केली होती, आणि ती खोटी नव्हती. गेल्या आठवड्यात कपडे निवडताना मी त्वचेचा विचार केलाच नव्हता, कारण तो १२ वर्षांपूर्वीच करून झाला आहे. माझ्या कपाटात आखूड बाह्यांचे काही उरलेले नाही, आणि गडद रंगाचेही नाही, कारण डोक्यातून गळणारे पांढरे पापुद्रे काळ्या कापडावर लगेच दिसतात. खेळाच्या प्रश्नापुढे 'लागू नाही' असे उत्तर होते, आणि त्याचे गुण शून्य धरतात. जिने पोहणेच सोडून दिले तिला पोहण्यात अडचण कुठून येणार? हा हिशेब आज मनाला फार लागला.

सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच त्वचेला डिवचत राहते. एरवी जी त्वचा साधारण महिनाभरात नवी होते, ती काही दिवसांतच वर ढकलली जाते आणि कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात चंदेरी थर साचतात. पापुद्रा ओढून काढला तर खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. रोज सकाळी घरातले कुणी उठायच्या आत मी चादर झटकते, हे आजवर कुणालाही सांगितलेले नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे वाक्य मात्र मी कित्येकांना, बहुतेक वेळा त्यांनी विचारण्याआधीच, ऐकवले आहे.

मी कागद परत मागून घेतला आणि कपडे, खेळ व लोकांत मिसळणे या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली. बेरीज १४ झाली. डॉक्टरांनी खोडलेला आकडा पाहिला, नवा पाहिला, आणि एवढेच विचारले, "पोहणे कधी सोडलेत?"

वर्ष सांगता आले; पण सोडण्याचे कारण सांगताना शब्द फुटेना. कपडे बदलायच्या खोलीत शेजारच्या बाईंनी माझ्या टॉवेलाला टेकलेला आपला टॉवेल दोन बोटांनी उचलला होता आणि पलीकडच्या खुंटीवर नेऊन अडकवला होता. त्या काही बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या, तर मी ते पाठ झालेले वाक्य तरी म्हटले असते.