जाहिरात रमीची, धोका प्रश्नपेढीला

"साइट तर व्यवस्थित उघडतेय, मग तक्रार कसली?" महाविद्यालयाची साइट दुरुस्त करायला आम्ही गेलो, तेव्हा प्राचार्यांचा हा प्रश्न रास्त होता. त्यांच्या संगणकावर ती खरंच ठीक दिसत होती. मोबाइलवर गूगलमध्ये महाविद्यालयाचं नाव शोधून आलं की मात्र रमीचं पान उघडायचं. पाहुणा कुठून आला ते बघून घुसखोराचा कोड पान बदलत होता. थेट पत्ता टाकणाऱ्याला खरी साइट, गूगलवरून येणाऱ्याला जुगार आणि गूगलच्या बॉटला (शोधासाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) जुगाराच्या शब्दांनी भरलेली ढीगभर पानं. कर्ल या पान मागवणाऱ्या कमांडला गूगलबॉटचं नाव लावून मुखपृष्ठ मागवलं, तेव्हा सगळं उघडं पडलं.

अशा वेळी दिसेल ती फाइल पुसायची घाई होते. आम्ही आधी सर्व्हरचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची पूर्ण प्रत) घेतला, लॉग म्हणजे सर्व्हरच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर उतरवले. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधले (ती वेब सर्व्हरला कोणाला कुठे न्यायचं ते सांगते) घुसवलेले नियम काढले, तर ते मिनिटाभरात परत हजर! मूळ फाइल पुसलेली असली तरी पीएचपीची (साइटचा कोड ज्या भाषेत असतो तिची) एक प्रोसेस मेमरीत चालूच होती आणि ती नियम पुन्हा लिहीत होती. वेब सर्व्हरच्या यूजरच्या क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) एक अनोळखी ओळ होती. म्हणून आधी वेब सर्व्हर आणि पीएचपी बंद, मग क्रॉन साफ, मग फाइली. अपलोडच्या फोल्डरमध्ये फोटोंच्या शेजारी पीएचपी फाइली बसल्या होत्या. त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालू देण्याचं काही कारणच नसतं, पण बहुतेक ठिकाणी ते बंद केलेलं नसतं.

दार कोणतं? साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसला जोडलेलं, फाइली हाताळण्याचं एक जुनं प्लगइन. लॉगिन न विचारता अपलोड करू देणारी त्याची त्रुटी २०२० मध्येच दुरुस्त झाली होती, इथे अपडेट पोचलं नव्हतं. आत कधी शिरले, ते मात्र कळेना. डेबियन या लिनक्स प्रणालीवर अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग मूळ सेटिंगप्रमाणे दररोज बदलतात आणि जुने १४ च ठेवले जातात, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग मागतात, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगतात. कळवण्याची ईमेल आम्ही सफाई अर्धी असतानाच पाठवली; पूर्ण तपासाची वाट पाहत बसलं तर ६ तास कधीच निघून जातात.

खरा घोर वेगळाच होता. त्याच सर्व्हरवर, त्याच यूजरखाली मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि परीक्षांची प्रणाली) चालत होतं आणि दुसऱ्या दिवशी अंतर्गत परीक्षा होती. मूडलच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. ज्याला साइटची फाइल लिहिता आली, त्याला ही वाचता येणारच. म्हणजे विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक, प्रश्नपेढी, अचूक उत्तरं, गुण, सगळं त्याच्या हाताशी. गुण थेट डेटाबेसमध्ये बदलले तर मूडलच्या गुण-इतिहासाच्या तक्त्यात नोंद होत नाही; म्हणून दोन्ही तक्ते ताडून पाहिले. हुशार माणूस दोन्हीकडे हात मारील, म्हणून जुन्या बॅकअपशीही. फरक निघाला नाही. पण प्रश्न कोणी वाचले का, हे सांगणं अशक्य. डेटाबेस वाचल्याची नोंद सहसा ठेवली जात नाही. परीक्षा नव्या प्रश्नांवर, कागदावर घ्या, असं आम्ही सुचवलं. प्राचार्यांनी थोडी कुरकुर करून ते मानलं.

मूडल नव्या सर्व्हरवर, वेगळ्या यूजरखाली हलवलं. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, चालू सेशन तोडली, वेब सर्व्हिसचे टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) रद्द केले, अ‍ॅडमिनची यादी तपासली आणि सर्वांना पासवर्ड बदलायला लावला. वर्डप्रेस ताज्या प्रतीवरून उभं केलं. कालचा बॅकअप चढवला असता तर घुसखोरही त्याच्यासोबत परत आला असता.

गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेत) एक परका जीमेल पत्ता साइटचा मालक म्हणून नोंदलेला होता, त्याने स्वतःचा साइटमॅपही (गूगलसाठी पानांची यादी) दिला होता. नुसतं नाव काढून भागत नाही. पडताळणीची त्याची एचटीएमएल फाइल मूळ फोल्डरमध्ये राहिली, तर तो पुन्हा मालक होतो. ती काढली आणि जुगाराच्या पत्त्यांना ४१० उत्तर, म्हणजे 'हे पान कायमचं गेलं', लावलं.