भोगीचं जेवण, लोण्याशिवाय: पाचवा प्रयत्न

मागच्या नोंदीत जिथं अडलो होतो, तिथूनच सुरू करतो. भाजी जमली होती, भाकरी निम्मी जमली होती, लोणी अजिबात जमलं नव्हतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत राहून एक ताट असं करायचं की त्यात दूध, दही, तूप काही नको आणि माल शक्यतो जिल्ह्यातलाच, त्या आठवड्यात शेतातून निघालेला. मीठ, मोहरी, जिरं, हिंग यांना सूट. हिंगावर आईशी वाद झाला. ती म्हणाली, "अरे, हिंग काय आपल्या मिरजेत पिकतो?" नाही पिकत, पण हिंगाविना फोडणी मला जमणार नाही, तेव्हा सूट ती सूट.

भोगी निवडायचं कारण सोपं. १३ जानेवारीच्या सुमाराला मंडईत जे जे येतं, ते सगळं या एका भाजीत जातं आणि ती मुळातच दूधदुभत्याविना होते. वांगं, गाजर, पावटा, सोलाणे (ओले हरभरे), बोरं, तीळ, शेंगदाण्याचा कूट, यात गाईम्हशीचं काहीच नाही. गाडी अडते ती बाजरीच्या भाकरीवरच्या लोण्याच्या गोळ्यापाशी. तो काढला की ताट ओकंबोकं दिसतं, आणि खाणाऱ्याला ते कळतं.

पहिल्या तीन प्रयत्नांत मी नुसतं शेंगदाण्याचं लोणी केलं होतं. भाजलेले दाणे गरम असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग भांड्याच्या कडेला गोळे चिकटतात आणि वाटतं की बिघडलं. तिथं थांबायचं नाही. कडा खरवडून, मधे मधे मिक्सरला विश्रांती देऊन फिरवत राहिलं की दाण्यांचं तेल सुटतं आणि सगळं एकदम सैल पडतं. दिसायला झकास, पण भाकरीवर घातल्यावर चव कुटाचीच. भाजीत कूट, भाकरीवर कूट, खाताना घशाला चिकटायला लागलं.

चूक कुठं होती ते चौथ्या खेपेला उमगलं. घरचं लोणी विरजलेल्या सायीचं असतं, त्याला पुसटसा आंबटपणा असतो. मी स्निग्धपणाच्या मागे लागलो होतो आणि आंबटपणा विसरलो होतो. म्हणून शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावायचं ठरवलं.

कृती अशी: वाटीभर कच्चे दाणे रात्रभर भिजवले, सालं काढली (हे काम टीव्हीसमोर बसून करावं, नाहीतर संपत नाही), तीन वाट्या पाणी घालून वाटले, फडक्यातून गाळले. ते दूध मंद आचेवर ढवळत चांगलं दहा मिनिटं उकळलं. हात थांबला की बुडाला लागतं. उकळलं नाही तर कच्च्या दाण्याचा वास दह्यातही राहतो, हे चौथ्या प्रयत्नात नाकानं शिकलो. कोमट झाल्यावर विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांची सहा देठं टाकली. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात, त्यामुळं गाईम्हशीच्या दह्याच्या विरजणाची गरज पडत नाही. चौथ्या खेपेला आठ तासांनी उघडलं तर नुसतं पाणी, कारण जानेवारीतली रात्र. पुन्हा झाकून ठेवलं आणि विसरलो, दुसऱ्या दिवशी वर गुलाबी ठिपके. तसं दिसलं की चाखत बसू नका, सरळ ओतून द्या. या वेळी भांडं कोमट पाण्याच्या डब्यात ठेवून, वर जुनी शाल गुंडाळून सोळा तास ठेवलं. लागलं! घट्ट नाही, पण लागलं. फडक्यात टांगून पाऊण वाटी चक्का मिळाला. त्यात तीन चमचे शेंगदाण्याचं लोणी आणि चिमूटभर मीठ घालून फेटलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं.

खोबरेल घातलं तर गोळा घट्ट बसेल आणि गरम भाकरीवर लोण्यासारखा वितळेल, हे मला ठाऊक आहे. खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, शेंगदाण्याचं तेल थिजत नाही. पण नारळ घाटाखालचा. हिंगाला सूट दिली म्हणून सगळ्यांनाच द्यायला लागलो तर खेळ कसला?

आता भाजी. वांगी डिग्रजच्या बाजूची, हिरवट पांढरी, देठाला काटे असलेली. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीतल्या वांग्यांचं कौतुक आमच्याकडं जरा जास्तच होतं, पण साल तोंडात विरघळते हे खरं आहे. विकणाऱ्या मावशींनी स्वतःच हाताने निवडून दिली. "जड नको घेऊस बाळा, बिया निघतील," म्हणाल्या. हातात घेऊन हलकी वाटणारीच घ्यायची, हा धडा फुकट मिळाला.

मागे माझा पावटा दडदडीत राहिला होता. कारण चिंच. आंबट पडलं की शेंगाभाज्यांचे दाणे लवकर मऊ होत नाहीत, आणि मी चिंचेचा कोळ सुरुवातीलाच ओतला होता. या वेळी घाण्यावरच्या शेंगदाणा तेलात फोडणी, मग फक्त पावटा आणि सोलाणे, वर झाकणावर पाणी. दाणा बोटात दाबला की दबतो इथवर आल्यावर गाजर, त्यानंतर पाच मिनिटांनी वांगी. मग कांदा-लसूण चटणी, तिळाचा आणि शेंगदाण्याचा कूट, शेवटी चिंच, गूळ आणि बोरं. बोरं आधी घातली तर फुटून बिया सुटतात आणि पाहुण्यांचे दात धोक्यात येतात.

खिचडीत विशेष काही नाही. शिराळ्याकडचा तांदूळ, मूगडाळ, तुपाऐवजी वरून लसणाची फोडणी. कुणी तूप मागितलं नाही.

ओल्या हळदीचं लोणचं मात्र यंदाचं खरं बक्षीस. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि हरिपूरची हळद साठवायची पेवं (जमिनीखालची कोठारं) सगळ्यांना ठाऊक आहेत, पण काढणीच्या दिवसांत ओली हळद आणून पातळ चकत्या करून लिंबाच्या रसात टाकणारी घरं मला तरी कमीच दिसतात. थोडं आलं, मीठ, बस. तेल नाही. चार दिवसांत तयार. बोटं आठवडाभर पिवळी राहिली, ऑफिसात दोघांनी कावीळ झाली का म्हणून विचारलं.

भाकरीची प्रगती सांगायलाच हवी. बाजरी जतकडची, आणि दळून आणली फक्त दोन किलो. बाजरीचं पीठ ठेवलं की कडवट होतं, डिसेंबरात मी पाच किलो दळून आणून ते सिद्ध केलंय. गव्हासारखा चिकटपणा बाजरीत नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात कालवून चांगलं मळायचं. मी मळण्यात कंजुषी करत होतो, कडा त्यामुळंच फाटत होत्या. या वेळी एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घेतलं, तळहाताच्या टाचेनं घासून घासून मळलं, थापल्यावर वर ओल्या हातानं तीळ दाबले. सातांपैकी चार फुगल्या. एक तव्यावर टाकताना दुमडली, ती मी खाल्ली.

ताट वाढलं. आईनं भाकरी मोडली, माझा गोळा बोटानं पसरला आणि चाखला. तो वितळला नाही, नुसता मऊ होऊन पसरला, तिळांच्या मधे जाऊन बसला. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आंबटपणा आलाय बघ. पण हे लोणी नव्हे, ही चटणी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर उरलेलं निम्मं संपलेलं, शिळ्या भाकरीबरोबर. त्यात तिनं लसणाची पाकळी ठेचून घातली होती.

दह्यातला चमचाभर भाग मी टांगण्याआधीच वेगळा काढून ठेवलाय. सहाव्या प्रयत्नात मिरचीच्या देठांऐवजी त्याचंच विरजण लावणार आहे, बघू घट्ट लागतं का. कुणी करडईच्या तेलावर काही करून पाहिलं असेल तर प्रमाण कळवा.