ड्रायव्हरमधली प्रत्येक मेमरी मागणी मुद्दाम फसवताना

लिनक्सचा एक जुना कॅरेक्टर ड्रायव्हर (डेटा बाइटच्या ओघात देणाऱ्या-घेणाऱ्या डिव्हाइसला चालवणारा कोड) माझ्याकडे आला. त्यात प्रत्येक केमॅलॉकनंतर, म्हणजे कर्नेलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) मेमरी मागणाऱ्या फंक्शननंतर, नल (मेमरी न मिळाल्याचं सांगणारा रिकामा पत्ता) तपासलेला होता. पण नल आल्यावर घेतलेलं सगळं सोडून परत फिरण्याचा जो कोड होता, तो कधी चालला होता का, हे कुणालाच सांगता येईना.

कारण छोटी मागणी कर्नेल सहसा फेटाळतच नाही. मेमरीचं पान ४ केबीचं धरलं, तर ३२ केबीपर्यंतच्या जीएफपी_कर्नेल मागणीसाठी (मेमरी मिळेपर्यंत थांबू शकणारी नेहमीची मागणी) तो पानं मोकळी करत राहतो, वेळ पडली तर ओओएम किलरकरवी (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारा कर्नेलचा भाग) एखादी प्रोसेस मारतो. ही वागणूक आहे, हमी नव्हे. मेमरी भरून टाकणारा प्रोग्राम चालवून पाहिला, तर ओओएम किलरने तोच मारला. ड्रायव्हरला धक्काही लागला नाही.

मग फेलस्लॅब (मेमरीच्या मागण्या मुद्दाम फसवणारी सोय), केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं) आणि कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) ही कर्नेलमधलीच साधनं चालू करून कर्नेल नव्याने बिल्ड केला. फेलस्लॅबमधली इग्नोर-जीएफपी-वेट ही सेटिंग मुळात ‘वाय’ असते, म्हणजे थांबू शकणाऱ्या मागण्या त्यातून वगळल्या जातात. ती ‘एन’ केल्याशिवाय जीएफपी_कर्नेलची परीक्षाच होत नाही. हे आधी करा.

अपयशाची टक्केवारी ठरवून वाट बघण्यापेक्षा मला फेल-एनथ (ठरावीक क्रमांकाची मागणी फसवणारी फाइल) कितीतरी भरवशाचं वाटतं. प्रॉक या कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या आपल्या थ्रेडच्या त्या फाइलमध्ये १ लिहायचा आणि डिव्हाइस उघडायचं: पहिली मागणी फसते. मग २, मग ३. नंतर फाइल वाचल्यावर शून्य आलं तर अपयश खरंच घडलं. शून्याहून मोठा आकडा आला तर त्या वाटेवरच्या मागण्या संपल्या. सुरुवातीचे आकडे ड्रायव्हरपर्यंत पोचतही नाहीत, फाइल उघडताना कर्नेल स्वतःसाठी जी मेमरी घेतो तिथेच ते खर्च होतात.

त्यानंतर दोष वर आले. रिंग बफर (डेटा साठवायची गोलाकार जागा) मिळाला नाही की गोटू, म्हणजे कोडमधल्या लेबलवर उडी मारणारी आज्ञा, मेमरी सोडणारं एक लेबल ओलांडून पुढे जात होती आणि आधीचं स्ट्रक्चर तसंच राहत होतं. केमेमलीकने ते नेमकं दाखवलं. दुसरा दोष जास्त घातक. एका ठिकाणी मागणी फसल्यावर सगळं नीट सोडलं जात होतं, पण परतीची किंमत उणे ईनोमेम (‘मेमरी नाही’ हा एररचा आकडा) न होता शून्यच राहत होती. प्रोग्रामला वाटे डिव्हाइस उघडलं, आणि पहिल्याच रीडला कर्नेल नलवर आपटे. लेबलं मी मागण्यांच्या बरोबर उलट क्रमाने लावली आणि प्रत्येक उडीआधी परतीची किंमत भरली.

इंटरप्ट हँडलर (डिव्हाइसने इशारा दिला की हातातलं काम थांबवून चालणारा कोड) मात्र या परीक्षेतून सुटतो, कारण फेल-एनथ टास्कच्याच, म्हणजे चालू थ्रेडच्याच, मागण्या मोजतं. तिथे थांबता येत नाही, म्हणून जीएफपी_अ‍ॅटॉमिक (न थांबता केलेली मागणी) वापरावं लागतं, आणि ते सहज नल देऊ शकतं. त्या मार्गातली मागणीच मी काढून टाकली. बफर आता डिव्हाइस उघडतानाच घेतले जातात. ते संपले तर आलेला डेटा सोडून देतो आणि सोडलेल्याची मोजणी वाढवतो.