बॅकसाइड टेलस्लाइडची भीती नेमकी कुठे असते

स्केटबोर्डवर मला सगळ्यात जास्त भीती वाटलेली ट्रिक म्हणजे बॅकसाइड टेलस्लाइड. यात बोर्डाचं मागचं टोक, म्हणजे टेल, कट्ट्याच्या कडेवर टेकवून सरकत जायचं. पायऱ्यांवरून उडी मारणं बघायला भयंकर वाटतं, पण त्यात निदान समोरचं सगळं दिसत असतं. इथे कट्टा पाठीमागे असतो. कट्ट्याला जवळजवळ समांतर जायचं, ऑली (हात न लावता बोर्डासकट उडी) मारायचा, हवेत कंबरेतून ९० अंश वळायचं, टेल कडेवर दाबायची आणि मग टाचांच्या बाजूने सरकायचं, म्हणजे पाठ पुढे आणि तोंड आपण आलो त्या दिशेला. फक्त मान वळवून खांद्यावरून थोडंसं दिसतं तेवढंच.

आणि मला विचाराल तर ही भीती अगदी बरोबर असते, तिला उगाच हाकलून देऊ नये. मध्येच बोर्ड अडला तर अंगाचा वेग थांबत नाही, तो पाठीच्या दिशेने जातो आणि माकडहाडावर आपटतो आपण. म्हणून डोकं आपोआप उलट्या बाजूला झुकायला सांगतं, पण जास्त झुकलं आणि कडा गुळगुळीत निघाली तर बोर्ड पायाखालून सुळकन पुढे निघून जातो आणि हात-गुडघे फुटतात. म्हणजे किती झुकायचं हे कडा किती धरते त्यावर ठरतं आणि ते आधी माहीत नसतं. सगळी भीती या माहीत नसण्यातच आहे असं माझं पक्कं मत झालंय. हिंमत कर, हिंमत कर असं व्हिडिओमध्ये सगळे सांगतात, पण हिंमत कशावर करायची ते कुणी सांगत नाही.

आता आमच्याकडची गोष्ट. मी वेंगुर्ल्याची. इथे बसायला कट्टे खूप, पण स्केटिंगच्या दृष्टीने बघितलं तर बहुतेक निरुपयोगी. जांभ्याचा कट्टा असेल तर विषयच संपला, तो दगड इतका भोकाभोकांचा असतो की टेल टेकली की तिथेच रुतते, आणि वर पाय पडला तर सोलून निघतो. सिमेंटचं प्लास्टर असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत वरची सिमेंट धुऊन जाते आणि खालची वाळू उघडी पडते. काडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवलेला कट्टा बघितला की माझा हात आपोआप कडेवर फिरतो. पण तसे कट्टे देवळापुढे नाहीतर कुणाच्या तरी आठवणीत बांधलेले असतात, तिथे संध्याकाळी आज्या बसतात आणि बोर्ड नीट सरकावा म्हणून तिथे मेण फासणं मला पटत नाही. मेणावरून एखादी आजी घसरली तर?

मग मी कट्ट्याऐवजी वापरायला एक बॉक्स करून घ्यायचं ठरवलं. साधारण फूटभर उंच, सात-आठ फूट लांब, प्लायवूडचा, आणि कडेला लोखंडी अँगल. वेल्डिंगवाल्या काकांकडे गेले तर ते म्हणाले, "ह्यां कित्याक होया तुका? बसाक काय?" मी म्हटलं, "नाय काका, घसराक." ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मगे कडा गोल करून देतंय, नायतर लागात." आणि खरंच ग्राइंडर मारून, वर बोट फिरवून फिरवून त्यांनी ती कडा अशी केली की कुठेच टोचत नव्हती. स्क्रूची डोकीसुद्धा त्यांनी आत बसवली. स्केटबोर्डिंग त्यांना माहीत नव्हतं पण बोर्ड अडकण्याची जागा कुठली ते त्यांना माझ्याआधी दिसलं. फार उपकार आहेत त्यांचे.

अँगलची एक अडचण, खारं वारं. रात्रभर उघडा राहिला की सकाळी वर नारिंगी पापुद्रा, आणि गंजलेल्या लोखंडावर टेल अडते. म्हणून आधी पॉलिश पेपर मारायचा, फडक्याने पुसायचं आणि मग साधी पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने फिरवायची. मेण जास्त झालं की धोका उलट बाजूने वाढतो. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी लोखंड तापून मेण मऊ होतं, त्यात वाळू चिकटते, त्यामुळे सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावरच. हे सगळं कंटाळवाणं वाटेल पण रोज त्याच पद्धतीने कडा तयार केली की ती रोज साधारण सारखीच धरते, आणि पायांना तेच हवं असतं.

बेअरिंगचंही सांगते कारण इथे सगळ्यांची तीच बोंब असते. स्केटबोर्डच्या चाकांना ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं, आतला व्यास ८ मिलीमीटर, बाहेरचा २२, रुंदी ७. हा नंबर सांगितला की बेअरिंगच्या दुकानातसुद्धा मिळतं, स्केटबोर्डचंच म्हणून वेगळं मागवायची गरज नाही. किनाऱ्यावरची बारीक वाळू गेली की ते खरखरायला लागतं आणि मग कट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत वेग मरतो. हळू टेलस्लाइड ही वेगातल्या टेलस्लाइडपेक्षा जास्त अडते हे कुणाला खरं वाटत नाही, पण करून बघा.

शिकायला सुरुवात पावसात केली. जून ते सप्टेंबर आमच्याकडे बाहेर काहीच होत नाही, खळ्यात म्हणजे अंगणात शेवाळ, रस्त्यावर पाणी, बोर्डाचं लाकूडसुद्धा ओल धरतं. मेपलचे सात थर चिकटवलेले असतात, ओल लागली की त्यातली उसळी जाते ती जातेच. मग पडवीच्या पायरीवर उभ्या उभ्या सराव. पायरीकडे पाठ करून उभं राहायचं, छोटा ऑली, ९० अंश, टेल पायरीवर, आणि तिथेच थांबायचं. सरकायचंच नाही. यात एक गोष्ट कळते जी वेगात कधीच कळली नसती, की खांदे वळवायचे नाहीत. खांदे होते तिथेच, वळतं ते कंबरेखालचं. खांदे पण वळले की पुढचं दिसणंच बंद होतं आणि उतरताना परत सरळ व्हायला काही उरत नाही. आजी आतून ओरडायची, "पडवी फोडशीत गो!", पण पायरीच्या टोकाला तिने स्वतःच जुनं गोणपाट आणून घातलं.

दुसरं म्हणजे मागची चाकं. टेल वर टेकते पण चाकं कट्ट्याच्या उभ्या बाजूला खाली चिकटलेली राहतात, तोच आधार. ती चिकटली की बोर्ड वळवळत नाही. वळण कमी पडलं तर चाक कडेवर आपटतं आणि तिथेच सगळं थांबतं, आणि वळण कमी पडतं कधी तर शेवटच्या क्षणी मागचा पाय उचलावासा वाटतो तेव्हा. म्हणजे घाबरून जो पाय आपण वाचवायला उचलतो त्यानेच पडतो.

म्हणून मी पडण्याचाही वेगळा सराव केला. बॉक्सकडे वेगात जायचं, ऑली मारायचा आणि टेल न टेकवता बोर्ड सोडून पायांवर धावत उतरायचं. मग गादी टाकून पाठीमागे पडायचं, हनुवटी छातीला, हात मागे टेकायचा नाही, कारण मनगट असंच मोडतं. हेल्मेट आणि रिस्ट गार्ड घालूनच. कुणाला हे लाजिरवाणं वाटत असेल तर वाटू दे.

हा सगळा खेळ ऑलीवर उभा आहे, हात न लावता बोर्ड उचलणं. ॲलन गेलफँड या स्केटरने ते १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात स्केटपार्कच्या उतारांवर केलं आणि रॉडनी मलनने पुढे सपाट जमिनीवर आणलं, म्हणून आज बाक, कट्टा, पायरी सगळं आपलं. टोकियोत २०२१ मध्ये मुलींच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं (पायऱ्या, कट्टे असलेला प्रकार) ऑलिम्पिक सुवर्ण घेतलेली मोमिजी निशिया १३ वर्षांची होती, हे मी गल्लीतल्या पोरींना दर वेळी सांगते. आणि कुणी म्हणालं की गावात हे कसं होणार, तर मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे, तिथे २०१५ मध्ये स्केटपार्क झाला आणि गावातली मुलं त्यावर मोठी झाली. कोकणात का नाही? मला मनापासून वाटतं इथे व्हायला हवा, सिंधुदुर्गात एक, रत्नागिरीत एक.

बरं, ट्रिक. ती आली तेव्हा हवा कोरडी होती, कडा मी नुकतीच पुसलेली. वेग नेहमीपेक्षा जास्त होता आणि तो मुद्दाम ठेवलेला. टेल टेकली तेव्हा आधी टक् आणि मग बारीक सर्रर्र आवाज आला, पायाच्या चवड्यातून पार नडगीपर्यंत तो थरथराट जाणवला, चाकं प्लायला घासत होती, आणि मी पडत नव्हते. डोळे कडेच्या टोकावर. टोक संपल्यावर कंबर आपोआप खांद्यांमागून सरळ आली आणि चारही चाकं खाली. मावसभाऊ शूट करत होता, तो फोन टाकून धावत आला, त्यामुळे व्हिडिओत शेवटी नुसतं आभाळ आहे. टेलखालच्या चित्रावर आता तिरका पांढरा पट्टा उमटलाय, रंग जाऊन लाकूड दिसतंय, त्यात मेणाचे कण. मी तो धुतलेला नाही.

अजून दर वेळी जमत नाही. सध्या अडतंय ते फिरून उलटं उतरण्यात, म्हणजे टोकाला सरळ न होता त्याच बाजूला आणखी वळून फेकी, म्हणजे टेल पुढे ठेवून, जायचं. त्यात खांदेही सोडावे लागतात आणि आत्ताच शिकलेलं सगळं उलटं करावं लागतं.

बॉक्स आमच्या खळ्यात आहे, पाऊस लागेपर्यंत तिथेच असेल. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडून कुणाला यायचं असेल तर रविवारी साडेचारनंतर या, बोर्ड नसला तरी चालेल, माझ्याकडे एक जुना आहे. हेल्मेट मात्र आपापलं आणा.