अंजीर आणि 'सोड'

आमच्या अंगणातल्या अंजिराला यंदा पहिल्यांदा फळ लागलं, एकूण अकरा, मोजलीत मी, त्यातली चार बुलबुलांनी खाल्ली म्हणजे आता सात. ज्यांच्या बागा आहेत ते हसतील. पण हे झाड मी साडेतीन वर्षांपूर्वी सासवडहून येताना रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेलं, पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालंय वगैरे ऐकून वाटलं आपल्याकडेही तसंच येईल. येईल कसलं! नुसती पानं, आणि पावसाळा आला की पानांखाली तांबेरा रोग, मग सगळी पानं गळून अंगणभर कचरा. मिस्टर दरवर्षी म्हणायचे, काढून टाकू हे, इथे कढीपत्ता लाव.

बायबलमधला, लूकच्या शुभवर्तमानातला (अध्याय १३) अंजिराच्या झाडाचा दाखला आठवतोय ना, मालक म्हणतो तीन वर्षं येतोय, फळ नाही, तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. आणि माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. संडे स्कूलमध्ये मला त्या मालकाचा राग यायचा. मोठेपणी त्याचंच पटायला लागलं होतं, झाडाबद्दल नाही, माझ्या धाकट्या भावाबद्दल.

तो नगरला असतो. पप्पा गेल्यावर घराच्या वाटणीवरून चार लोकांसमोर तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. त्याला आता चार वर्षं होतील. नाताळला त्याचा 'हॅपी ख्रिसमस ताई' असा फुलांचा फॉरवर्ड येतो, मी हात जोडलेला इमोजी टाकते, संपलं. आणि दर रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड", आणि घरी येऊन कुकर लावते. एवढ्या वर्षांत जीभ एकदाही अडखळली नाही, याचं आता नवल वाटतं.

गेल्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बायबल स्टडीत पाळकसाहेब सहज बोलून गेले की माळी जे 'राहू द्या' म्हणतो त्याला मूळ ग्रीकमध्ये 'आफेस' शब्द आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेतला 'सोड' तोही तोच. ते पुढच्या वचनावर गेले, मी तिथेच राहिले. आपण पण म्हणतो की, जाऊ दे, सोड ना, पण आपल्या त्या सोडण्यात आपल्याला काहीच करायचं नसतं. हा माळी सोडा म्हणतो आणि लगेच कुदळ हातात घेतो. मी भावाला सोडलं होतं ते वाऱ्यावर.

तरी लगेच काही केलं नाही हं मी, उगाच मोठेपणा नको. दसऱ्यानंतर शेजारच्या बंगल्यात येणारे माळीकाका आमच्याकडे डोकावले आणि म्हणाले, ताई, हे छाटलंय का कधी? म्हटलं नाही, जीव होत नाही. तर म्हणे मग फळ कुठून येणार, अंजिराला माल नव्या फुटीवर लागतो. छाटलं त्यांनी, पांढरा चीक गळत होता, माझे हात दोन दिवस खाजत होते. गळलेली पानं गोळा करून जाळायला लावली, खणून दोन घमेली शेणखत घातलं, आणि बुरशीसाठी बोर्डोची फवारणी, शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, दहा लिटर पाणी, तेही प्लास्टिकच्या बादलीतच, लोखंडी चालत नाही. झाड इतकं बोडकं दिसायचं की मी खिडकी लावून घ्यायचे.

आता छाटणी म्हटल्यावर योहान १५, म्हणजे देव द्राक्षवेलीचे फाटे छाटतो तो अध्याय, काढून देव आपल्याला दुःख का देतो यावरची प्रवचनं मी भरपूर ऐकलीत, मला ते म्हणायचं नाहीये. माझ्या डोक्यात काकांचं ते नव्या फुटीचं बसलं. मी चार वर्षं जुन्या फांदीकडे बघत बसले होते, की भाऊ येईल आणि त्या दिवसाच्या नेमक्या त्याच वाक्याबद्दल माफी मागेल. आणि ते वाक्य जुनं होऊ नये म्हणून भेटेल त्याला परत सांगत होते, नणंदेला तर तीनदा.

मत्तय १८ मध्ये एक चाकर आहे, त्याला दहा हजार तालांताचं कर्ज माफ होतं, एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, करा हिशोब, सहा कोटी दिवस. आणि हा बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. पण शंभर दिनार म्हणजे सुद्धा शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांचा पगार झाला की! प्रभू कुठेही म्हणत नाही की तुझं ते येणं खोटं होतं. हे मला फार बरं वाटतं. माझं येणं खरं आहे, आणि तेच सोडायचंय.

त्या दाखल्यात पुढच्या वर्षी झाडाला फळ आलं का, ते लूकने लिहिलेलंच नाही. मी दोनदा पान उलटून बघितलं.

आज सातातली तीन मऊ झालीत. अंजीर झाडावर पिकलं की दोन दिवसांच्या वर टिकत नाही, कुरिअरने तर नाहीच. स्टीलचा डबा घासून ठेवलाय, शिवाजीनगरहून नगरची पहिली गाडी किती वाजता ते मिस्टरांना विचारलंय, त्यांनी कशाला ते विचारलं नाही. फोन अजून केलेला नाही.