सोमवारची बॅच

सकाळी साडेसातला ताईचा फोन वाजला तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे नऊ, तिची ओटा आवरून झोपायची वेळ. फोन उचलल्याउचलल्या म्हणाली, "बी आलाय गं तिला." स्वर असा की मला वाटलं कोणीतरी गेलं.

भाची अकरावीत आहे. तिने एपी फिजिक्स सी घेतलंय. तिकडे शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय घेता येतात, त्यातला हा एक. मेकॅनिक्स, तेही कॅल्क्युलससकट. शिकवणारे सर कडक. हिला बी ग्रेड, अख्ख्या वर्गात तिघांनाच ए. शेजारच्या मुलीने साधं फिजिक्स घेतलं, तिला ए. "आता कॉलेजवाल्यांना काय दिसणार? हिचा बी आणि तिचा ए!"

मी नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले. त्यामुळे नात्यात कुठेही मार्कांचं दुखणं निघालं की रुग्ण माझ्याकडे पाठवतात. मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. ग्रेडची सरासरी काढताना बऱ्याच शाळा एपीला एक पॉइंट जादा धरतात. साध्या वर्गातला ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन; एपीतला बीसुद्धा चार. शिवाय शाळेचा कौन्सेलर गुणपत्रकासोबत शाळेची माहिती पाठवतो: इथे कोणते अवघड विषय आहेत, ग्रेड कशा देतात. काही शाळा तर किती जणांना कोणती ग्रेड मिळाली तेही छापतात. आणि मे महिन्यात एपीची बाहेरची परीक्षा असतेच, एक ते पाचमध्ये गुण. पोरीने पाच आणले, तर सरांचा बी किती वजनाचा होता ते कागदावरच दिसेल. निकाल जुलैत, अर्ज त्यानंतर. वेळ आहे.

"तू सांगतेस ते सगळं खरं," ताई म्हणाली, "पण बी तो बीच."

फोन ठेवला. चहा निवला होता. आणि मला २०१४ची प्रॅक्टिकल आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला निम्मं वजन जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला होतं आणि निम्मं बारावीच्या पीसीएमला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला. म्हणजे बारावीचा एकेक मार्क मोलाचा. फिजिक्सला लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. सोमवारी पहिली बॅच. मी आपली नेहमीसारखी. मीटर ब्रिजवर नल पॉइंट सापडत नाही, व्हर्निअर वाचता येत नाही, जर्नल शेजाऱ्याचं उतरवलेलं. अशा पोरांना मी २०-२१ दिले. एका हुशार मुलीला २६. लायकीप्रमाणे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले सर तालुक्याच्या कॉलेजातले, अबोल गृहस्थ. सह्या झाल्या, पाकीट सील झालं. मग डबा उघडताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मॅडम, मी आमच्याकडे सरसकट अठ्ठावीस देऊन आलोय. सगळेच देतात. तुमचा एकवीस वाचणाऱ्याला काय कळणार, की पोरगं कच्चं आहे की तुम्ही कडक आहात?"

मला राग आला. रात्रभर आला. कॉलेज रोडवर सायकल हातात धरून क्लासला जाणारी तीच पोरं डोळ्यांसमोर. मंगळवारी दुसरी बॅच आली आणि मी २७ च्या खाली उतरले नाही. व्हर्निअर त्यांनाही येत नव्हतं.

सोमवारच्या बॅचचं काय चुकलं? हजेरीपटात त्यांची नावं आधी होती, एवढंच. गुणपत्रकावर लेखी आणि प्रॅक्टिकल वेगळे दिसत नाहीत, म्हणून त्यांना कधी कळलंही नाही. मेहेर सिग्नलला त्यातला एखादा अजून भेटतो, "मॅडम" म्हणून वाकतो, आणि मी घाईत असल्याचं दाखवते.

पुढे २०१९ साली हेच राज्याच्या पातळीवर घडताना पाहिलं. राज्य मंडळाने दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० मार्क काढून टाकले आणि निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत शेजारी सीबीएसईची पोरं, त्यांचे अंतर्गत मार्क शाबूत. पालक खवळले. दुसऱ्या वर्षी ते २० मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. पोरं एका वर्षात हुशार झाली नाहीत, एवढं मास्तरकीची शपथ घेऊन सांगते.

आता बारावीच्या मार्कांना तेवढा भाव नाही, इंजिनिअरिंगचा प्रवेश मुख्यतः राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के पडले की पुरे. परिणाम असा की कॉलेजचे वर्ग ओस आणि कॉलेज रोडचे क्लास तुडुंब. प्रॅक्टिकलला कडक राहा नाहीतर मऊ, कोणाला फरक पडत नाही. हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

दोन दिवसांनी भाचीचाच मेसेज आला. एका प्रश्नाचा फोटो, पंधरा मार्कांचा, सरांचे मार्क कागदाने झाकलेले. "मावशी, तू किती दिले असतेस? खरं सांग हं."

उतारावरून न घसरता गडगडणारा भरीव सिलिंडर. आमच्याकडे बारावीचा पहिलाच धडा. त्वरण तिने सुरेख काढलं होतं, दोन तृतीयांश जी साइन थीटा. पुढे घर्षण विचारलं, तर तिथे बिनदिक्कत म्यू एन, म्हणजे घसरतानाच्या घर्षणाचं सूत्र. अगं, घसरत नाही ना तो? मग घर्षण लागेल तेवढंच, इथे एक तृतीयांश एमजी साइन थीटा. हीच चूक मी वर्षानुवर्षं लाल पेनाने गोल केली आहे. नाशिक काय नि न्यू जर्सी काय.

चष्मा लावला, प्रिंट काढून आणली, रीतसर तपासलं. साडेअकरा.

तिने कागद हलवून पुन्हा फोटो पाठवला. सरांनी बारा दिले होते. खाली हसून लोळणारे चेहरे. ताईचा वेगळा मेसेज: "तुला विचारायलाच नको होतं."

थोड्या वेळाने भाची पुन्हा: "म्यू एन कळलं. पण तो अर्धा मार्क कुठे गेला?"

मी लिहिलं, "आकृतीत घर्षणाचा बाण कुठाय?"